बर्फातल्या वळणावर चारही चाकं

दाबून घट्ट झालेल्या बर्फाचा रस्ता, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, दुसरा गिअर, समोर डावं वळण. वळणाच्या थोडं आधी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, नाक आत वळतं आणि मागची बाजू हळूच उजवीकडे सरकायला लागते. हे पाठीला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. ब्रेककडे पाय जायला बघतो, पण तो पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवरच टेकवायचा आणि स्टिअरिंगला आपणहून उजवीकडे येऊ द्यायचं. मग चारही चाकं एकदम बर्फ खरवडतात, गाडीच्या तळाशी बर्फाचे खडे तडतडतात आणि गाडी तिरकी राहूनच वळणातून पुढे ओढली जाते. या सगळ्यात काट्यावर वेग असतो ताशी तीसच्या आसपास.

बर्फातल्या मजेचं मूळ या कमी वेगात आहे. टायर आणि रस्ता यांच्यातली पकड, म्हणजे घर्षणाचा गुणांक, कोरड्या डांबरावर साधारण ०.८ ते ०.९ असते, दाबलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३, आणि काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ३० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर कोरड्या रस्त्यावर गाडी घसरायला लागेपर्यंत ताशी ५५ ते ६० किलोमीटर वेग लागतो. त्याच वळणावर दाबलेला बर्फ असेल, तर ३० पुरतात. शर्यतीच्या चालकाला जी गोष्ट जीव मुठीत धरून शिकावी लागते, ती बर्फावर धीम्या गतीत, विचार करायला वेळ ठेवून समोर येते.

पण ही मजा कोणी ठरवून निर्माण केलेली नाही. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या ज्यांनी घडवल्या, त्यांच्या डोक्यात चिखल होता, चढ होते, हिवाळ्यातली कामं होती. आणि माझ्या मते या गाडीला तिचा खरा स्वभाव बर्फानेच दिला. तिच्या इतिहासातली महत्त्वाची वळणं पुन्हा पुन्हा बर्फावरच आलेली दिसतात.

कल्पना मोटारगाडीइतकीच जुनी. १९०० साली फर्डिनांड पोर्शने चारही चाकांत एकेक विजेची मोटर बसवलेली गाडी तयार केली होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्या नातवाशी गाठ आहे. १९०३ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पायकर कंपनीने सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची ताकद चारही चाकांना दिली आणि ब्रेकही चारही चाकांना लावले. त्या काळाच्या मानाने ही झेप फार मोठी होती. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल गावात ऑटो झॅकाव आणि विल्यम बेसरडिक या मेव्हण्यांनी १९०८ च्या सुमारास वळणारं पुढचं चाक इंजिनाने फिरवता येईल असा सांधा बनवला. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात हजारोंनी वापरले गेले. महायुद्धानंतर त्यातले कित्येक हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलायच्या कामाला लागले.

तरीही रोजच्या मोटारीत हे तंत्र यायला पुढची साठेक वर्षं गेली. याचं कारण वजन आणि किंमत एवढंच नव्हतं. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा लांबचा फेरा घेतात. पुढचा आणि मागचा एक्सल, म्हणजे चाकांच्या जोडीचे आडवे दांडे, एकमेकांना घट्ट जोडलेले असतील, तर हा फरक जाणार कुठे? डांबरावर तो यंत्रणेत पीळ होऊन साठत जातो, गाडी अडखळते, टायर झिजतात. बर्फावर मात्र चाकं जराशी घसरून तो पीळ स्वतःच मोकळा करतात. म्हणून १९४१ च्या विलिस जीपमध्ये पुढच्या चाकांची ताकद एका दांड्याने हवी तेव्हा जोडायची आणि पक्क्या रस्त्यावर आलं की सोडवायची सोय होती. जीप बर्फातून बाहेर काढते, पण तिच्यात बर्फाशी खेळावंसं फारसं वाटत नाही. ती उंच, आखूड आणि ताठ असते.

यावरचा उपाय म्हणजे दोन्ही एक्सलांच्या मधोमध आणखी एक डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना. ट्रॅक्टरसाठी नाव कमावलेल्या हॅरी फर्ग्युसनचा ठाम विश्वास होता की सुरक्षिततेसाठी प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना कायम ताकद मिळायला हवी. त्याच्या कंपनीची पी-९९ ही शर्यतीची गाडी घेऊन १९६१ मध्ये ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉसने इंग्लंडमधल्या ओल्टन पार्कच्या ओलसर रस्त्यावर शर्यत जिंकून दाखवली. ती शर्यत जागतिक अजिंक्यपदाच्या गुणांत धरली जात नव्हती, पण फॉर्म्युला वन गाड्यांच्या शर्यतीत फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला मिळालेला तो एकमेव विजय आहे. फर्ग्युसनचं तंत्र घेऊन १९६६ मध्ये जेन्सन एफएफ ही ब्रिटिश मोटार आली. तिच्यात चाकं लॉक होऊ न देणारे ब्रेकसुद्धा होते. ती इतकी महाग होती की जेमतेम ३२० गाड्या बनल्या. काळाच्या पुढे असलेल्या या गाडीचं मला नेहमी वाईट वाटतं.

साध्या माणसाच्या गाडीला हे तंत्र मिळालं ते जपानमध्ये, आणि तेही वीज कंपनीमुळे. देशाच्या ईशान्येकडचा तोहोकू भाग प्रचंड हिमवर्षावाचा. तोहोकू इलेक्ट्रिक पॉवरच्या लोकांना भर हिवाळ्यात डोंगरातल्या वीजवाहिन्यांपर्यंत जावं लागे. जीपसारखी गाडी पोचवायची खरी, पण दिवसभर तिच्यात बसणं म्हणजे थंडी आणि हादरे. त्यांना मोटारीसारखी ऊबदार, पण बर्फात न अडकणारी गाडी हवी होती. सुबारू या जपानी मोटार कंपनीच्या तेव्हाच्या गाडीत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं आणि त्याच्या मागे गिअरबॉक्स, त्यामुळे तिथून एक शाफ्ट मागच्या चाकांपर्यंत नेणं तुलनेने सोपं होतं. अशा मोजक्याच गाड्या तयार झाल्या आणि १९७१ च्या टोकियो मोटर शोमध्ये ही स्टेशन वॅगन लोकांसमोर आली. १९७२ मध्ये लिओन इस्टेट व्हॅन फोर-व्हील ड्राइव्हसह बाजारात आली. तिच्यातही मधलं डिफरन्शिअल नव्हतंच. बर्फ आला की दांडा ओढायचा, डांबर लागलं की सोडायचा. पण बसायची उंची मोटारीची होती, वजन खाली होतं, आणि बर्फात ती मोटारीसारखीच वळायची. मजेचं बी इथे पडलं असं मी मानतो.

यानंतरची हकिकत जर्मनीतली. १९७६-७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे अभियंते स्कँडिनेव्हियातल्या बर्फात चाचण्या घेत होते. सोबतीला लष्करासाठी बनवलेली फोक्सवॅगन इल्टिस होती: उंच, चौकोनी, ७५ अश्वशक्तीची. तिच्यापेक्षा कितीतरी ताकदवान, पण फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींना ती बर्फात सहज मागे टाकायची. चाचणी विभागातल्या यॉर्ग बेन्सिंगरच्या मनात आलं की हीच ओढ वेगवान मोटारीला दिली तर? त्याने तांत्रिक प्रमुख फर्डिनांड पीएखकडे प्रस्ताव नेला. हा पीएख म्हणजे १९०० च्या त्या चार मोटरच्या गाडीवाल्या पोर्शचा नातू.

जानेवारी १९७८ मध्ये चाचणीची गाडी ऑस्ट्रियातल्या टुराखर ह्योए घाटात नेली. तिथला चढ २३ टक्क्यांपर्यंत जातो. गाडीला उन्हाळी टायर, साखळ्या नाहीत, आणि ती चढली. हे कसं होतं याचा हिशेब सोपा आहे. बर्फावरची पकड ०.२५ धरली आणि गाडीचं सगळं वजन ताकद मिळणाऱ्या चाकांवर असलं, तर ती जास्तीत जास्त २५ टक्क्यांचा चढ चढू शकते. पुढच्याच चाकांना ताकद असेल, तर वजनाचा साठेक टक्के भाग कामी येतो, चढावर तोही मागे सरकतो, आणि १५ टक्क्यांच्या आतच चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. उताराचा हिशेब मात्र वेगळा. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच, त्यामुळे थांबताना फोर-व्हील ड्राइव्हचा काही उपयोग नाही. ताशी ५० वरून कोरड्या रस्त्यावर बारा-तेरा मीटरमध्ये थांबणारी गाडी दाबलेल्या बर्फावर चाळीसेक मीटर घेते. चढताना सहज मिळालेल्या पकडीवर विसंबून लोक उतारावर फसतात ते यामुळेच. इथे कामी येतात ते टायर. फिनलंडमध्ये हिवाळी टायर १९३४ मध्येच बनायला लागले होते, आणि बर्फाळ प्रदेशातले जाणते चालक आजही गाडीच्या आधी टायर विचारतात.

घाट चढलेल्या त्या गाडीतही मधलं डिफरन्शिअल नव्हतं. ऑडीची मालक कंपनी फोक्सवॅगनचे विकासप्रमुख एर्न्स्ट फियाला यांच्या पत्नी ती व्हिएन्नात घेऊन गेल्या आणि तंग वळणात गाडी उड्या मारते अशी तक्रार त्यांनी केली, असं सांगितलं जातं. मग डिफरन्शिअल बसवायचं ठरलं, पण जागा कुठे? गिअरबॉक्सचे अभियंते फ्रान्झ टेंगलर यांनी काढलेला तोडगा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी गिअरबॉक्समधला दुय्यम शाफ्ट आतून पोकळ केला. २६३ मिलिमीटर लांबीचा, म्हणजे वीतभरापेक्षा थोडा जास्त. इंजिनाची ताकद या पोकळ शाफ्टच्या बाहेरच्या अंगाने मागे जाऊन मधल्या डिफरन्शिअलला मिळते. तिथे तिची वाटणी होते. अर्धी प्रॉपेलर शाफ्टने मागच्या चाकांकडे जाते आणि अर्धी त्याच पोकळीतून, आतल्या बारीक शाफ्टवरून, उलट पुढे येते. एकाच नळीत जायची आणि यायची वाट. जीपसारखा वेगळा जड ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा पेटारा, लागला नाही आणि मोटार मोटारच राहिली.

मार्च १९८० मध्ये जिनिव्हात ऑडी क्वाट्रो जगासमोर आली, तीही बर्फावर स्केटिंग करायच्या सभागृहात. २०० अश्वशक्ती, पाच सिलिंडर, टर्बो. पुढच्या वर्षी जानेवारीत माँटे कार्लो रॅलीत फिनलंडचा हन्नू मिकोला तिच्यासह उतरला. बर्फ पडलेल्या पहिल्याच टप्प्यात, त्याच्या एक मिनिट आधी निघालेल्या लान्चिया या इटालियन गाडीला त्याने गाठून मागे टाकलं. सहा टप्प्यांनंतर आघाडी जवळपास सहा मिनिटांची होती. पुढे अपघातामुळे ती रॅली हातची गेली, पण फेब्रुवारीत स्वीडनच्या बर्फात तो जिंकला. त्याच वर्षी फ्रान्सच्या मिशेल मूटाँने क्वाट्रोमधूनच इटलीतली सानरेमो रॅली जिंकली, आणि जागतिक रॅली मालिकेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली.

गंमत म्हणजे गाडी नवी असली तरी तिला बर्फात नाचवायची कला जुनी होती, आणि ती आली होती अगदी वेगळ्या गाड्यांतून. साठच्या दशकात स्वीडन आणि फिनलंडचे चालक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साब आणि मिनी घेऊन रॅली गाजवत होते. अशा गाड्या बर्फावर वळायला नकार देतात आणि नाक सरळ रेटत जातात. उपाय म्हणून त्यांनी डाव्या पायाने ब्रेक दाबायची पद्धत बसवली. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवायचा आणि डाव्याने ब्रेकला हलकं टोचायचं, म्हणजे मागची चाकं सैल होतात आणि गाडी वळते. दुसरी युक्ती लंबकाची. वळणाआधी गाडी क्षणभर उलट दिशेला झुकवायची आणि परतीच्या झोक्यात आत टाकायची. सुरुवातीच्या क्वाट्रोचं जड इंजिन पुढच्या एक्सलच्याही पुढे लटकलेलं, त्यामुळे तीही नाक रेटायची. साबमध्ये तयार झालेला स्वीडिश चालक स्टिग ब्लोमक्विस्ट हाच डावा पाय घेऊन तिच्यात बसला आणि १९८४ मध्ये जगज्जेता झाला. आज कोणी मोकळ्या बर्फाळ मैदानावर गाडी तिरकी घालायचा सराव करतो, तेव्हा त्याच्या पायांत साठच्या दशकातलं हे शहाणपण असतं.

पुढच्या काळात ताकद वाटायच्या तऱ्हा बदलल्या आणि त्यासोबत बर्फातला अनुभवही. सिलिकॉनच्या दाट द्रवात फिरणाऱ्या चकत्या, वर्म गिअरच्या घर्षणावर चालणारं टॉर्सन डिफरन्शिअल, ऑडीने १९८६ पासून वापरलेलं. मग १९९८ मध्ये स्वीडनच्या हाल्डेक्सचा संगणकाने चालणारा क्लच आला. एरवी गाडी जवळजवळ पुढच्याच चाकांवर चालते, आणि ती घसरली की मागची जोडली जातात. इंधन वाचतं, किंमत उतरते, म्हणून आज बहुतेक गाड्यांत असलंच काहीतरी असतं. बर्फावर मात्र फरक कळतो. कायम जोडलेल्या गाडीत पायाच्या दाबाला उत्तर लगेच मिळतं. जुन्या क्लचवाल्या गाडीत आधी नाक बाहेर जातं, मग मागून धक्का येतो, आणि त्या अर्ध्या क्षणात लय तुटते. नव्या क्लचमध्ये ही दिरंगाई पुष्कळ कमी झाली आहे.

विजेच्या गाड्यांत तर मधला शाफ्टच गेला. पुढे एक मोटर, मागे एक, काहींत प्रत्येक चाकाशी वेगळी, म्हणजे फर्डिनांड पोर्शच्या १९०० च्या गाडीकडेच जाणं. त्यांची जुळणी अजूनही बर्फावरच होते. स्वीडनच्या उत्तरेला आर्येप्लोगजवळच्या गोठलेल्या तळ्यांवर दर हिवाळ्यात मोटार कंपन्यांचे अभियंते मुक्काम ठोकतात. बर्फावर वर्तुळं आणि नागमोडी मार्ग नांगरलेले असतात, आणि लॅपटॉप मांडीवर घेतलेला माणूस शेजारच्या सीटवर बसून कुठल्या चाकाला किती ताकद द्यायची ते बदलत असतो. चालक पुन्हा त्याच वर्तुळात शिरतो, पाय उचलतो, मागची बाजू सरकू देतो, आणि पाय परत टेकवतो.