खोट्या नावाचं लग्न: चर्चमधली पुकार आणि परवाना

रीजन्सी काळातली, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधली ‘क्लीन’ (शृंगार चुंबनापर्यंतच ठेवणारी) प्रेमकथा, त्यात दोन मुलींनी एकमेकींच्या ओळखी घेतलेल्या, आणि शेवटच्या पन्नास पानांत लग्न. अशा कादंबरीवर वाचकांचं मत विचारलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: “तिनं खोट्या नावानं लग्न केलं, म्हणजे ते लग्नच बेकायदा. लेखिकेनं साधा कायदा पाहिला नाही.” त्याला उत्तर म्हणून दुसरा गट सांगतो, “चर्चमध्ये शपथा झाल्या, पाद्र्यानं आशीर्वाद दिला, आता काय उरलं?” दोघेही तितक्याच ठामपणे बोलतात आणि दोघेही एक प्रश्न विचारायचा विसरतात: लग्न पुकारून (वधूवरांची नावं आधी चर्चमध्ये जाहीर वाचून) लागलं, की परवाना काढून (त्या वाचनाशिवाय)?

क्लीन कथेत हा प्रश्न इतर कुठल्याही प्रेमकथेपेक्षा जास्त महत्त्वाचा असतो. तिथे चुंबनाच्या पुढचं सगळं लग्नावर अडलेलं असतं, त्यामुळे लग्नच पोकळ ठरलं तर कथेचा नैतिक पायाच निसटतो. ‘पुस्तक क्लीन म्हणून घेतलं आणि नायिका लग्नाशिवायच नांदताना दिसली’ अशी तक्रार मी खरोखर ऐकली आहे. तक्रार करणारीनं कायदा उलटा लावला होता, ही गोष्ट वेगळी.

परवान्याबद्दल लांबण लावत नाही, कारण या कादंबऱ्या वाचणाऱ्या सगळ्यांना तो पाठ आहे. एवढंच लक्षात ठेवा की तो दोन प्रकारचा. साधा परवाना बिशपच्या कचेरीतून मिळे. त्यात कुठल्या चर्चमध्ये लग्न लागणार ते लिहिलेलं असे आणि लग्न सकाळी ८ ते १२ मध्येच लागे. स्पेशल लायसन्स कँटरबरीचे आर्चबिशप देत. ते हातात असलं की दिवाणखान्यात मध्यरात्रीही लग्न लावता येई. पण ते मिळायचं सरदार-उमराव आणि त्यांची मुलं, बॅरोनेट, नाइट, खासदार, न्यायाधीश अशांना. बाकीच्यांना खास कारण दाखवावं लागे. जेन ऑस्टेनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीत मिसेस बेनेटला आपल्या मुलीचं लग्न स्पेशल लायसन्सनंच व्हायला हवं असतं. ती हौस बोलत असते, आणि होणाऱ्या जावयाला, डार्सीला, तर किताबही नाही. तरी आज प्रत्येक कादंबरीतला नायक खिशातून स्पेशल लायसन्स काढतो, आणि वाचक कुठल्याही परवान्याला तेच नाव देतात. (आपल्याकडचा स्पेशल मॅरेज ॲक्ट डोक्यात ठेवून वाचणाऱ्यांचा आणखी गोंधळ होतो. त्यात ३० दिवसांची जाहीर नोटीस असते, म्हणजे ‘स्पेशल’ असूनही तो स्वभावानं पुकारीच्याच जवळचा.)

पुकार म्हणजे बॅन्स. वधूवरांची नावं दोघांच्याही पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) चर्चमध्ये तीन रविवार भरसभेत वाचायची. कुणाची हरकत असेल तर त्यानं तिथंच उठून सांगायचं. स्वस्त काम, गरिबांचा रस्ता, म्हणून कादंबरीकार त्याला एका ओळीत उरकतात. परवाना लवकर मिळतो, पुकारीला वेळ लागतो. परवान्याला पैसे पडतात, पुकारीला फारसे नाहीत. परवान्यात गुप्तता राहते, पुकारीत गावभर होतं. हे फरक खरे आहेत, पण यांच्यामुळे कुणी फसत नाही.

फसतात ते पुढच्या मुद्द्यावर. १७५३ चा लॉर्ड हार्डविकचा विवाह कायदा २५ मार्च १७५४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला. रीजन्सीची खरी वर्षं १८११ ते १८२०, आणि त्या सगळ्या काळात हाच कायदा होता. या कायद्यात पुकार आणि परवाना यांचे कच्चे दुवे वेगवेगळ्या जागी आहेत. पुकारीचा सगळा जीव नावात. परवान्याचा जीव वयात आणि पालकांच्या संमतीत.

आधी पुकार घेऊ. पुकारीचा हेतूच असा की ऐकणाऱ्याला कळावं, अमक्याची मुलगी अमक्याच्या मुलाशी लग्न करते आहे. ओळख लपवण्यासाठी भलतंच नाव वाचलं, तर कायद्याच्या दृष्टीनं पुकार झालीच नाही. आणि पुकार नाही, परवाना नाही, तर लग्नही नाही. चर्च खरं, पाद्री खरा, साक्षीदार खरे, तरी लग्न मुळापासून रद्द. १८१२ च्या पूजे विरुद्ध टॉमकिन्स खटल्यात तर वाचलेलं नाव खोटंही नव्हतं. मुलाचं पूर्ण नाव विल्यम पीटर, सगळे त्याला पीटर म्हणत. पुकार झाली फक्त ‘विल्यम’ नावानं, घरच्यांना पत्ता लागू नये म्हणून. मुलगा अल्पवयीन होता. कोर्टानं लग्न मोडीत काढलं. खरंच नाव, पण ज्यानं ओळख पटली असती तेवढंच गाळलेलं.

याच्या दुसऱ्या टोकाला १८१४ चा बिलिंग्जहर्स्टचा खटला. एक जण एका गावात जॉर्ज स्मिथ म्हणून राहत होता. बाप्तिस्म्याचं नाव अब्राहम लँगली, पण गावात त्याला त्या नावानं कुणीच ओळखत नव्हतं. पुकार जॉर्ज स्मिथ नावानं झाली, आणि लग्न वैध ठरलं. तर्क सरळ होता: अब्राहम लँगली असं वाचलं असतं, तर ऐकणाऱ्यांना कोण ते कळलंच नसतं. म्हणजे कोर्टाचा प्रश्न ‘कागदावर खरं नाव कुठलं’ एवढाच नव्हता. ‘लोक त्याला कुठल्या नावानं ओळखत होते, आणि नाव बदलण्यामागे लपवाछपवी होती का’ हा होता.

अदलाबदलीच्या कथांना हे नेमकं लागू पडतं. बहिणीचं नाव घेऊन नायिका गावात येते आणि लगेच, फसवणूक उघड होऊ नये म्हणून, त्याच नावानं पुकार करवते: लग्न रद्द. तीच नायिका त्या नावानं वर्षानुवर्षं गावात राहिली, त्याच नावानं सगळ्यांना माहीत झाली, आणि पुकारीत लपवण्याचा हेतू नव्हता: लग्न टिकण्याची चांगली शक्यता. कथेत किती काळ गेला हे पाहिल्याशिवाय ‘खोटं नाव म्हणजे बेकायदा’ म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी.

आता परवाना. इथे वाचकांची अटकळ बरोबर उलटी निघते. चोरून, पैसे मोजून काढलेला कागद, त्यात नाव खोटं, म्हणजे पहिल्या धक्क्यात फाटणार असं वाटतं. पण परवाना हा कुणाला काही ऐकवण्यासाठी नसतो, ती एका ठरावीक माणसाला दिलेली मोकळीक असते. समोर उभी असलेली व्यक्ती तीच असेल जिच्यासाठी परवाना मागितला, तर तिचं नाव चुकीचं लिहिलं म्हणून लग्न पडत नसे. १८१५ च्या बर्टन-अपॉन-ट्रेंट खटल्यात लष्करातून पळालेल्या माणसानं घेतलेल्या नावानं परवान्यावर लग्न केलं होतं. ते वैध ठरलं. परवान्यासाठी शपथ बहुतेक वेळा नवरदेवच घेई, त्यामुळे फसवला गेलेला नायक तर बिचारा खरं समजूनच शपथ घेतो.

“पण त्याची फसवणूक झाली ना?” झाली. त्यानं लग्न मोडत नाही. न्यायाधीश सर विल्यम स्कॉट, म्हणजे पुढचे लॉर्ड स्टोवेल, यांनी १८०७ मध्येच सांगून ठेवलं होतं की जोडीदाराच्या घराण्याबद्दल किंवा संपत्तीबद्दल चुकीचा समज करून दिला असेल, तरी लग्नाच्या वैधतेला धक्का लागत नाही. वारसदारीण समजून गव्हर्नेसशी (घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकेशी) लग्न केलं तर ती बायकोच. फक्त माणूसच बदललं, म्हणजे ओळखीच्या मुलीऐवजी बुरख्याआड तिच्या जुळ्या बहिणीला उभं केलं, तर गोष्ट वेगळी. तिथे संमतीच भलत्या व्यक्तीला गेलेली असते. लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत पाहिलेल्या आपल्या वाचकांना नाव आणि माणूस यांतला हा भेद चटकन कळायला हवा. पण मतं मांडताना तेच सगळ्यात आधी नावाला धरून बसतात.

मग परवाना कुठे तुटतो? वयावर. वर किंवा वधू २१ वर्षांच्या आतली असेल, आधी लग्न होऊन विधुर वा विधवा झालेली नसेल, आणि वडिलांची किंवा पालकाची संमती नसेल, तर परवान्यावरचं लग्न रद्दबातल. शपथेवर ‘वय २१ पूर्ण’ असं खोटं सांगितलं तरी रद्द. पुकारीत उलट होतं: अल्पवयीन असली तरी पालकानं उठून जाहीर हरकत घेतली नाही तर लग्न पक्कं. गप्प बसणं पुकारीत चालतं, परवान्यात चालत नाही.

आता या कादंबऱ्यांचा नेहमीचा साचा यात बसवून पाहू. वारसदारीण १९ वर्षांची, काका तिचा पालक. तिची गरीब चुलत बहीण २४ वर्षांची, गव्हर्नेसच्या नोकरीवर निघालेली. वाटेतल्या सराईत दोघी नावं, पेट्या आणि शिफारसपत्रं बदलतात. गरीब बहीण वारसदारीण बनून एका अर्लच्या, म्हणजे बड्या सरदाराच्या वाड्यात जाते आणि त्याच्याशी परवान्यानं लग्न करते. वाचक म्हणतात, हिचं खोटं मोठं, हिचंच लग्न पडणार. पडत नाही. नाव खोटं आहे, पण परवाना तिच्याचसाठी मागितला आहे, आणि ती स्वतः सज्ञान असल्यानं तिला कुणाच्या संमतीची गरजच नाही. अर्ल कितीही संतापला तरी ती काउंटेस, म्हणजे त्याची कायदेशीर बायको.

खरी वारसदारीण इकडे गव्हर्नेस बनून एका साध्या, सज्जन पाद्र्याच्या प्रेमात पडते. हिचं प्रेम खरं, हेतू निर्मळ, वाचकांचा सगळा जीव हिच्यात. हिनं गव्हर्नेसच्या नावानं परवाना काढला तर नावामुळे काही बिघडत नाही, पण ती १९ ची आहे आणि काकाची संमती नाही: रद्द. त्याच नावानं पुकार केली तर लपवण्यासाठी घेतलेलं नाव वाचलं गेलं: रद्द. दोन्ही दारं बंद. तिला एकच वाट उरते: खऱ्या नावानं पुकार करायची आणि तीन रविवार काकाच्या कानावर काही जाऊ नये म्हणून देवाचा धावा करायचा. नाहीतर सरळ स्कॉटलंड, कारण हा कायदा तिथे चालत नसे. सरहद्दीवरच्या ग्रेटना ग्रीन या स्कॉटिश गावाची भरभराट त्यामुळेच.

मला विचाराल तर अदलाबदलीच्या कथेत पुकारच हवी. दर रविवारी चर्चमध्ये नायिकेचा जीव टांगणीला लागतो, यापेक्षा चांगली रहस्याची सोय लेखिकेला आयती कुठे मिळणार? तरी दहातल्या नऊ जणी परवान्याकडे पळतात. आणि शेवटच्या प्रकरणात ‘आपलं लग्न कधी कायदेशीर नव्हतंच, चल पुन्हा करू’ म्हणून गोड दृश्य घालायचं, ही युक्ती तर मला मुळीच सहन होत नाही. बहुतेक वेळा ते पहिलं लग्न चांगलं भक्कम असतं. आणि खरोखर पोकळ असेल तर मधल्या काळात जन्मलेलं मूल अनौरस ठरतं, किताबाचा वारस होऊ शकत नाही. या गोष्टीवर गोड दृश्य कसलं?

एक जोडगोंधळ घाईनं निस्तरतो, कारण तो क्लीन कथांतच जास्त दिसतो. ‘अजून पतिपत्नी म्हणून एकत्र राहिलेच नाहीत, मग लग्न आपोआप रद्द करता येईल’ असं पात्रं म्हणतात आणि वाचक मान डोलावतात. इंग्लंडमध्ये त्या काळी हे कारण चालत नसे. शारीरिक असमर्थता सिद्ध करावी लागे. नुसता नकार हे कारण कायद्यात आलं ते १९३७ मध्ये.

कथेचं सालही पाहा, कारण पुष्कळ ‘रीजन्सी’ कादंबऱ्या बेधडक १८२५ मध्ये घडतात. १८२३ चा नवा विवाह कायदा आला आणि नियम बदलले. संमतीशिवायचं अल्पवयीनाचं परवान्यावरचं लग्न आता नुसत्या त्या कारणानं पडेना. खोट्या नावाच्या पुकारीनं लग्न रद्द व्हायचं, तर ती गोष्ट वधूवर दोघांनाही माहीत असायला हवी असं ठरलं. म्हणजे १८१६ साली नायिकेनं एकटीनं लपवाछपवी करून भलत्या नावानं पुकार करवली, तर तिचा अजाण नवराही लग्नाविना राहतो. तेच १८२५ साली केलं, तर नवऱ्याला काही ठाऊक नव्हतं एवढ्याच कारणानं लग्न टिकतं.