अलायनरखालची कीड आणि अलायनरखालची झीज

पारदर्शक अलायनरचे, म्हणजे दात सरळ करण्यासाठी दातांवर बसवायच्या प्लास्टिकच्या साच्याचे (ट्रेचे) उपचार सुरू होतात तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितले जाते की ट्रे दिवसातून 20 ते 22 तास दातांवर राहिला पाहिजे, खाताना तो काढायचा आणि तो लावलेला असताना साध्या, गार पाण्याखेरीज काहीही प्यायचे नाही. नियम इतका सुटसुटीत आहे की त्यामागचे कारण फारसे कोणी विचारत नाही, आणि ‘गोडाने दात किडतात’ एवढेच कारण मनात धरून बहुतेक जण पुढे जातात. मग बिनसाखरेचे लिंबूपाणी किंवा डाएट कोला ट्रे न काढताच घोट घोट पोटात जातो, आणि काही महिन्यांनी गार पाण्याने दात शिवशिवू लागले की गोड तर काहीच घेतले नव्हते, असा प्रश्न पडतो. या ठिकाणी कीड आणि झीज या दोन वेगळ्या व्याधी एकच समजल्या गेलेल्या असतात.

हा घोटाळा होणे स्वाभाविक आहे, कारण दोन्हींत दाताचे नुकसान आम्लच करते. फरक आहे तो ते आम्ल कोठून येते याचा. अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी 1890 मध्ये मांडले की तोंडातले जिवाणू अन्नातल्या पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात किडतो. म्हणजे किडीसाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : दातावरचा जिवाणूंचा चिकट थर, त्यांना मिळणारे खाद्य आणि वेळ. हे खाद्य गोडच असावे लागते असे नाही. बिस्किटे आणि वेफर्स दातांच्या फटींत चिकटून राहतात आणि त्यांतल्या पिष्टाचे लाळेमुळेच साखरेत रूपांतर होऊ लागते. झिजेला मात्र जिवाणूंची गरजच नसते. लिंबातले सायट्रिक आम्ल किंवा कोलातले फॉस्फरिक आम्ल थेट इनॅमलवर, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणावर जाते आणि त्याचा पृष्ठभाग विरघळवते. त्यामुळे दात कितीही स्वच्छ घासलेले असले तरी झीज होऊ शकते.

आम्लता पीएच या आकड्याने मोजतात; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त. साधारणपणे पीएच 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजे सुटू लागतात, आणि लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 3 च्या दरम्यान असतो. तरीही केवळ या आकड्यावर विसंबू नये. दह्याचा पीएच 4 च्या आसपास असूनही ते इनॅमल झिजवत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असते. उलट सायट्रिक आम्ल दातातले कॅल्शियम स्वतःशी बांधून घेते, म्हणून ते अधिक त्रासदायक ठरते. ‘साखरविरहित’ हा शब्द पेयाच्या आंबटपणाविषयी काहीच सांगत नाही, हे अलायनर लावणाऱ्याने पक्के लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

एरवी या दोन्ही संकटांतून आपल्याला लाळ सोडवते. ती आम्ल पातळ करते, बायकार्बोनेटने ते शमवते आणि सुटलेली खनिजे दाताला परत देते. जीभ आणि गाल दातांवरून फिरत राहून उरलेसुरले पुसून काढतात. ट्रे लावला की ही सारी व्यवस्था बाहेर अडते. प्यायलेले पेय ट्रेच्या कडेवरून आत झिरपते, तेथेच साचून राहते आणि लाळ त्याच्यापर्यंत पुरेशी पोहोचत नाही. स्ट्रॉने प्यायले तरी हा धोका पुरता टळत नाही. गोड पेय असेल तर जिवाणूंना बराच वेळ खाद्य मिळत राहते, आंबट असेल तर इनॅमल आम्लात भिजत राहते, आणि साखर घातलेल्या लिंबूपाण्यात दोन्ही एकदमच घडते.

काळजी घेतानाही हा फरक उपयोगी पडतो. गोड किंवा चिकट खाल्ल्यावर ट्रे चढवण्यापूर्वी दात घासून फटी स्वच्छ करणे योग्यच, कारण तेथे शत्रू जिवाणूंचा तो चिकट थर आहे. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर मात्र लगेच ब्रश फिरवू नये. मऊ पडलेला पृष्ठभाग त्याने खरवडला जातो. आधी पाण्याने चांगल्या चुळा भराव्यात, अर्धा तास लाळेला काम करू द्यावे आणि मग ब्रश करावा. ट्रे काढून ठेवण्यासाठी दिवसाचे दोन-चार तासच हाताशी असतात, त्यामुळे हा अर्धा तास जड वाटतो. म्हणूनच आंबट पेये अधूनमधून घेण्याऐवजी जेवणाबरोबरच घ्यावीत, हे मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

गरम चहा-कॉफीचा प्रश्न यांहून निराळा आहे : उष्णतेने ट्रेचे प्लास्टिक वाकू शकते, आणि रंगाचे डाग ट्रेवर व ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांना चिकटवलेल्या छोट्या उंचवट्यांवर (अटॅचमेंटवर) बसतात.

दोन्हींच्या खुणाही वेगळ्या असतात. कीड सुरू होते तेव्हा हिरडीलगत किंवा अटॅचमेंटभोवती खडूसारखा पांढरा डाग दिसतो. आतली खनिजे गेलेली असली तरी वरचा पृष्ठभाग अजून शाबूत असतो, त्यामुळे फ्लोराइड आणि स्वच्छता यांनी ती तेथेच थोपवता येते. झिजेत पृष्ठभागच नाहीसा होतो : दात गुळगुळीत होतात, इनॅमलखालचा थर, म्हणजे डेंटिन, डोकावू लागल्याने पिवळसर दिसतात, दाढांच्या टोकांवर खोलगट खळगे पडतात. गेलेले इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. जठरातले आम्लही असेच दात झिजवते, म्हणून ज्यांना वारंवार आंबट ढेकर येतात किंवा जळजळ होते त्यांनी ही गोष्ट पहिला ट्रे बसवण्यापूर्वीच दंतवैद्यांच्या कानावर घालावी.