गिअरवर चालणारे कॅम: साखळी गेली, पण ढिलाई कुठे गेली?

हार्ली-डेव्हिडसनच्या सुरुवातीच्या ट्विन कॅम इंजिनात प्लास्टिकचा एक बोटभर तुकडा असतो. त्याला टेन्शनरचा, म्हणजे साखळी ताणून धरणाऱ्या भागाचा, शू म्हणतात. स्प्रिंगच्या जोरानं तो टायमिंग चेनवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याकडून (क्रँककडून) व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमना फिरवणाऱ्या साखळीवर, दाबलेला असतो आणि इंजिन चालू असेपर्यंत साखळी त्याला घासत पळत राहते. साडेतीनशे किलोच्या आसपास वजनाची, हजारो मैलांच्या प्रवासासाठी बांधलेली टूरिंग मोटरसायकल या एका तुकड्याच्या तब्येतीवर अवलंबून असते. तो पूर्ण झिजायच्या आत साखळ्या काढून त्यांच्या जागी गिअर बसवावेत, असं अनेक मालकांना वाटतं. हा बदल आकर्षक आहे यात शंका नाही. पण तो प्रत्येक इंजिनाला मानवत नाही, आणि याचं कारण गिअरमध्ये नसून क्रँकमध्ये आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांमध्ये एकदा उघडतो. म्हणून कॅमशाफ्ट, म्हणजे कॅमचा दांडा, क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरला पाहिजे. क्रँक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. १९९९ च्या मॉडेलांपासून आलेल्या १४५० सीसीच्या ट्विन कॅम ८८ मध्ये दोन कॅम क्रँकच्या शेजारीच, खालच्या केसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कवचात, आहेत. तिथून लांब पुशरॉड वर व्हॉल्व्हपर्यंत जातात. क्रँककडून मागच्या कॅमला एक साखळी आणि मागच्या कॅमकडून पुढच्याला दुसरी, अशी मांडणी. प्रत्येक साखळीला स्वतःचा टेन्शनर. आधीच्या इव्होल्यूशन इंजिनात एकच कॅम होता आणि तो गिअरवरच चालायचा, म्हणजे गिअर या घराण्याला नवे नव्हते. पण गिअर वाजतात, आणि ते शांत चालवायचे तर कारखान्यात मापं जुळवून जोड्या लावाव्या लागतात. अमेरिकेत रस्त्यावरच्या मोटरसायकलींना १९८६ च्या मॉडेलांपासून ८० डेसिबलची मर्यादा आहे. अशा परिस्थितीत साखळीचा मोह पडणं समजण्यासारखं आहे.

साखळीला खरा त्रास होतो तो असमान ओढीचा. व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे ४५ अंशांच्या कोनात दोन सिलिंडर असलेल्या अशा इंजिनात, दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनवर (क्रँकच्या खुंटीवर) असतात, त्यामुळे एका स्फोटानंतर दुसरा ३१५ अंशांनी होतो आणि पुढचा ४०५ अंशांनी. क्रँक एका लयीत फिरतच नाही, झटके देत फिरतो. दुसऱ्या टोकाला कॅमही शांत नसतो. व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंग कॅमला मागे रेटते आणि मिटताना तीच स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. या दोघांच्या ओढाताणीत साखळी क्षणात ताणते, क्षणात सैल पडते. तिला फटके मारू द्यायचे नसतील, तर स्प्रिंगचा टेन्शनर सगळ्यात वाईट क्षणाला पुरेल इतका कडक ठेवावा लागतो. मग उरलेला सगळा वेळ तो गरजेपेक्षा जास्त दाबत बसतो आणि झिजतो.

नुसता झिजला असता तर बदलून मोकळे झालो असतो. पण शूचे कण तेलात जातात, आणि तेलाचा पंप तिथेच, कॅमना आधार देणाऱ्या कॅम प्लेटच्या मागे बसवलेला असतो. कण तेलाचा दाब आवरणाऱ्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये अडकले की तेलाचा दाब घसरतो. शू संपूर्ण संपला तर साखळी धातूवर घासते आणि तेलात धातूची भुकटी फिरू लागते. त्यातून आतली साखळी कॅम प्लेटच्या पलीकडे असते. नुसतं झाकण काढून बाहेरचा शू ठीक दिसला म्हणून समाधान मानणारा माणूस अर्धंच इंजिन तपासतो.

गिअर बसवले की साखळ्या, शू, स्प्रिंगा असं सगळंच निघून जातं. क्रँकवर एक गिअर, मागच्या कॅमवर त्याच्या दुप्पट दात्यांचा एक, आणि दोन्ही कॅमना एकमेकांशी जोडणारी जोडी. चार गिअर, बस्स. दात्यांचा आकार इन्व्होल्यूट वक्राचा असतो, म्हणजे चाकावर गुंडाळलेला दोरा ताणून उलगडताना त्याचं टोक जी रेघ काढतं तिचा. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरनं दात्यांसाठी या वक्राचा पुरस्कार केला. त्याची गंमत अशी की दोन चाकांच्या केंद्रांमधलं अंतर किंचित बदललं तरी वेगाचं गुणोत्तर बदलत नाही. साखळी वापरून लांबते आणि व्हॉल्व्हचं टायमिंग हळूहळू मागे पडतं. गिअरमध्ये ते जागेवर राहतं.

यात एक खोच आहे. साखळीवर दोन्ही कॅम एकाच दिशेनं फिरतात, पण एकमेकांत गुंतलेली दोन चाकं उलट दिशांनीच फिरणार. त्यामुळे जुने कॅम चालत नाहीत, गिअरसाठी वेगळे घडवलेले कॅम घ्यावे लागतात. आणि नवे घ्यायचेच आहेत तर बहुतेक जण जास्त उचल देणारे, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारे कॅम निवडतात. मग गाडी जोरात पळते आणि श्रेय गिअरला मिळतं. माझ्या मते वाढलेल्या ताकदीचा मोठा वाटा कॅमच्या आकाराचाच असतो. गिअरचं काम टायमिंग अचूक ठेवणं आणि तेल स्वच्छ ठेवणं एवढंच, आणि तेही कमी नाही.

आता क्रँककडे वळू. दोन दात्यांमध्ये थोडी मोकळीक ठेवावीच लागते, तिला बॅकलॅश म्हणतात. ती कमी पडली तर गिअर शिट्टीसारखे किंचाळतात, जास्त झाली तर खडखडतात. केस अॅल्युमिनियमची आणि गिअर पोलादाचे. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद साधारण १२. समजा केंद्रांमधलं अंतर ६० मिलिमीटर आहे आणि तापमान ८० अंशांनी चढलं. केस आणि गिअर यांच्या वाढीत सुमारे ०.०५ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढे गिअर एकमेकांपासून दूर जातात. थंड असताना नेमकी वाटणारी मोकळीक गरम झाल्यावर सैल होते ती यामुळे.

त्यात क्रँक वाकडा फिरत असेल तर? ट्विन कॅमचा क्रँक अखंड नाही. दोन फ्लायव्हील (जड चाकं) क्रँकपिनवर दाबून बसवलेले असतात, आणि मोठा झटका बसला तर ते किंचित सरकू शकतात. मग शाफ्टचं टोक मधोमध न फिरता डुलतं. हे डुलणं, म्हणजे रनआउट, डायल गेज लावून मोजतात. गिअरसाठी ०.००३ इंच, म्हणजे ०.०७६ मिलिमीटर, ही सर्वसाधारण वरची मर्यादा मानली जाते. गेजवरचा आकडा खऱ्या सरकण्याच्या दुप्पट असतो. म्हणजे मर्यादेवरचा क्रँकही गिअरला प्रत्येक फेऱ्यात ०.०३८ मिलिमीटर जवळ आणि तितकाच लांब नेतो. वर काढलेला उष्णतेचा आकडा आठवा, दोन्ही एकाच मापाचे आहेत. एकाच फेऱ्यात दाते आधी घट्ट बसणार आणि मग सैल पडणार. साखळी असा वाकडेपणा पचवून घेते, शूची थोडी जास्त झीज ही त्याची किंमत. गिअर तो पचवत नाही, तो दात्यांवर आणि बेअरिंगांवर भार टाकतो. नंतरच्या मॉडेलांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याहून कितीतरी जास्त रनआउट चालवून घेतलेला आहे. साखळीच्या इंजिनाला तो चालतो, म्हणून गिअरलाही चालेल असं नाही.

होंडानं १९८६ च्या व्हीएफआर७५०एफ या मोटरसायकलीत मोकळीकीचा हाच प्रश्न दुसऱ्या टोकानं सोडवला. तिथे कॅम वर, सिलिंडर हेडमध्ये, म्हणून मध्ये गिअरची रांगच लागली. मोकळीक मारण्यासाठी दोन पातळ चाकं स्प्रिंगनं एकमेकांविरुद्ध ताणलेला दुभंगलेला गिअर वापरला. त्या इंजिनाची शिट्टी चाहत्यांना आजही प्रिय आहे. २००२ च्या व्हीएफआर८०० वर मात्र होंडानंही साखळीच घातली.

हार्लीनं २००७ च्या ट्विन कॅम ९६ मध्ये साखळी ठेवून टेन्शनर बदलला. तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक टेन्शनर आणि रोलर साखळी. दाब कमी, झीज कमी. जुन्या ८८ वर ही मांडणी बसवण्याचे संचही मिळतात. म्हणून झाकण उघडल्यावर पहिलं काम सुटे भाग मागवण्याचं नाही, गेज लावण्याचं. रनआउट ०.००३ इंचाच्या आत असेल तर गिअर बिनघोर बसवावेत आणि मोकळीक जुळवायला किंचित लहान-मोठ्या मापाचे गिअर हाताशी ठेवावेत. बाहेर असेल तर दोनच रस्ते उरतात. एक, इंजिन पूर्ण खोलून क्रँक सरळ करायचा आणि क्रँकपिन वेल्ड करून घ्यायची. दोन, हायड्रॉलिक टेन्शनर. दूरच्या प्रवासाची गाडी असेल आणि इंजिन दुसऱ्या कारणानं खोलायचं नसेल, तर मी दुसरा निवडीन.