तुकडा घ्यायचा, पण कुठून?

जठराच्या कर्करोगाचं निदान पक्कं होतं ते पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली. पण त्याच्याकडे येणारा बायोप्सीचा तुकडा असतो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. तो भलत्याच जागेचा निघाला, तर 'कर्करोग आढळला नाही' हा रिपोर्ट फक्त त्या तुकड्यापुरता खरा.

म्हणून जपानी डॉक्टरांनी आधी नजर तयार केली. अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरातच असलेला तो 'प्रारंभिक' कर्करोग, ही व्याख्या त्यांनीच 1962 मध्ये ठरवली. बेरियम आणि हवा पोटात भरून काढलेल्या एक्स-रेमध्ये अस्तराच्या घड्या तुटलेल्या दिसत. पण सपाट, नुसत्याच लालसर डागाला एक्स-रे सहज चुकतो. 2016 पासून तिथल्या सरकारी तपासणीत पन्नाशीपुढच्यांसाठी एंडोस्कोपीलाही, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहण्यालाही, जागा मिळाली.

एंडोस्कोपीच्या साध्या पांढऱ्या प्रकाशातही असे डाग निसटतात. मग इंडिगो कार्मिनचा निळा रंग फवारतात. तो खोलगट भागात साचतो आणि उंचवटे उठून दिसतात. नॅरो बँड इमेजिंगमध्ये निळा आणि हिरवा प्रकाश वापरतात. हिमोग्लोबिन तो शोषतं, त्यामुळे केशवाहिन्या गडद दिसतात. डागाला स्पष्ट सीमा आणि आत वेड्यावाकड्या वाहिन्या दिसल्या, की चिमटा तिथेच लावायचा. उगाच दहा तुकडे घेणंही बरं नाही. लहान गाठीत त्याचे व्रण पडतात आणि पुढे ती सोलून काढणं अवघड होतं. अल्सरची गोष्ट वेगळी, तिथे कडेवरून अनेक तुकडे घ्यावेच लागतात.

'सरळ सीटी स्कॅनच करा ना,' असं बरेच रुग्ण म्हणतात. अस्तरातली एवढीशी गाठ सीटीला बहुधा दिसतच नाही. रोग इतरत्र पसरलाय का, हे पाहायला तो उपयोगी. गाठ किती खोल गेली हे मोजायला एंडोस्कोपिक सोनोग्राफी, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरून आतूनच केलेली सोनोग्राफी, असते. तीत जठराची भिंत पाच थरांत दिसते. पण अल्सरखालचा व्रणही गाठीसारखाच काळा दिसतो आणि खोली जास्त वाटते. अस्तराखाली, जठराच्या भिंतीत वाढणाऱ्या जिस्ट (GIST) नावाच्या गाठीसारख्या गाठींत मात्र ही सोनोग्राफी हवीच, कारण वरवरच्या चिमट्यात नुसतं निरोगी अस्तर येतं. सोनोग्राफीत बघत सुई आत घालावी लागते.

इतकं करूनही बायोप्सी आणि अंतिम निदान कधीकधी जुळत नाही. तुकड्यात 'सौम्य बदल' दिसलेली गाठ एंडोस्कोपीतून अखंड सोलून काढली, तिचे दोन-दोन मिलिमीटरचे काप केले, की एखाद्या कापात कर्करोग सापडतो. तो अस्तराखाली अर्ध्या मिलिमीटरहून खोल गेला असेल किंवा लसीकावाहिनीत (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळीत) शिरला असेल, तर बहुतेक वेळा पुढे शस्त्रक्रियाच सुचवतात.