'द फर्स्ट ओमेन'चं स्वागत आणि त्यामागची अठ्ठेचाळीस वर्षं

'द फर्स्ट ओमेन' हा भयपट ५ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्याकडून फार कुणाच्या अपेक्षा नव्हत्या. दिग्दर्शिका अर्काशा स्टीव्हनसन यांचा हा पहिलाच चित्रपट. 'ओमेन' मालिकेचं नाव मोठ्या पडद्यावर शेवटचं झळकलं होतं ते २००६च्या पुनर्निर्मितीत. त्यानंतर २०१६मध्ये आलेली दूरचित्रवाणी मालिकाही एका हंगामात गुंडाळली गेली. त्यात हा प्रीक्वेल, मूळ चित्रपटाची पूर्वकथा, म्हणजे शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक. तरीही समीक्षकांपैकी बहुसंख्यांनी त्याचं स्वागत केलं, काहींनी तर त्याला मूळ चित्रपटाच्या बरोबरीनं बसवलं. हे का घडलं, ते समजायला बरंच मागे जावं लागतं. (पुढे कथेतले उलगडे येणार आहेत.)

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करायला हवा. १९७६चा 'द ओमेन' आज अभिजात मानला जातो, म्हणून तेव्हाही समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रतिक्रिया संमिश्र होत्या. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रिचर्ड एडर यांनी त्याला बाष्कळ ठरवलं, पण अगदीच टाकाऊ नाही एवढी सवलत दिली. दोनच वर्षांनी सर्वकाळच्या सर्वांत वाईट पन्नास चित्रपटांची यादी देणारं एक पुस्तक निघालं, त्यातही 'द ओमेन' होता. प्रेक्षकांनी मात्र तो उचलून धरला. सुमारे २८ लाख डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटानं एकट्या अमेरिकेत सहा कोटींहून अधिक कमावले. जेरी गोल्डस्मिथ यांना त्याच्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं, त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतलं एकमेव. प्रार्थनेची लॅटिन भाषा सैतानाच्या स्तुतीसाठी उलटी फिरवणारा त्यातला समूहस्वर ऐकला की आजही अंगावर काटा येतो.

मला त्या चित्रपटाचं मोठेपण त्याच्या संयमात दिसतं. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांनी पडद्यावर शिंगंवाला सैतान आणलाच नाही. चर्चच्या छपरावरून कोसळणारा लोखंडी गज असो की घसरत येणारी काच, प्रत्येक मृत्यू अपघातही असू शकतो. ग्रेगरी पेकनं साकारलेला राजदूत रॉबर्ट थॉर्न हा विवेकी, प्रतिष्ठित माणूस आहे. रोमच्या इस्पितळात आपलं नवजात मूल गेल्याचं त्याला सांगितलं जातं, आणि बायकोच्या नकळत तो दुसरं मूल स्वीकारतो. ते मूल म्हणजे सैतानाचा पुत्र, ख्रिस्तविरोधक. पुढची सारी कथा त्या बापाच्या अपराधाची आणि संशयाची आहे. मुलाला जन्म देणारी कोण, याचं उत्तर चित्रपट एका दृश्यात उरकतो. चेर्वेतेरीच्या दफनभूमीत थॉर्न कबर उघडतो आणि आत कोल्हिणीचा सांगाडा सापडतो. बस. त्या कबरीत एका बाईची गोष्ट दडलेली असू शकते, हे पुढच्या कोणत्याच भागानं मनावर घेतलं नाही.

ज्या काळात हे चित्रपट जन्मले, तो काळही ध्यानात घ्यायला हवा. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५मध्ये संपली आणि कॅथलिक उपासनेचं रूप पालटलं. एप्रिल १९६६मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं मुखपृष्ठावर थेट प्रश्न छापला, देव मेला आहे का? जून १९७२मध्ये पोप पॉल सहावे यांनी देवाच्या मंदिरात कुठल्याशा फटीतून सैतानाचा धूर शिरल्याची भीती बोलून दाखवली. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस 'द एक्झॉर्सिस्ट' आला आणि त्याला दहा ऑस्कर नामांकनं मिळाली. श्रद्धा डळमळत असताना सैतानाची खात्री पटवणारे चित्रपट गर्दी खेचत होते.

आता प्रीक्वेलकडे. धार्मिक भयपटांच्या पूर्वकथेबद्दल समीक्षकांच्या मनात जी अढी बसली, तिचं मोठं कारण म्हणजे 'एक्झॉर्सिस्ट'च्या पूर्वकथेचं झालेलं मातेरं. फादर मेरिन यांनी आफ्रिकेत पूर्वी एकदा सैतान उतरवला होता, एवढा उल्लेख १९७३च्या चित्रपटात ओझरता येतो. तेवढ्यावर अख्खा चित्रपट उभा करायचं ठरलं. जॉन फ्रँकनहायमर दिग्दर्शन करणार होते. प्रकृतीमुळे त्यांना बाजूला व्हावं लागलं आणि २००२च्या जुलैमध्ये ते वारले. मग पॉल श्रेडर यांनी चित्रपट पूर्ण चित्रित केला. युद्धातल्या अत्याचारानं श्रद्धा हरवलेल्या धर्मगुरूचा तो संथ, विचारी चित्रपट होता. निर्मात्यांना रक्त आणि किंकाळ्या कमी पडल्या. त्यांनी रेनी हार्लिन यांना आणून जवळपास सगळाच चित्रपट नव्यानं चित्रित करून घेतला. नायक तोच, स्टेलान स्कार्सगार्ड. छायालेखकही तेच, व्हितोरिओ स्तोरारो.

हार्लिन यांची आवृत्ती ऑगस्ट २००४मध्ये आली आणि समीक्षकांनी तिची सालटी काढली. त्यानंतर श्रेडर यांची बाजूला टाकलेली आवृत्ती २००५मध्ये 'डोमिनियन' या नावानं बाहेर आली. तीही सर्वांना रुचली नाही, पण समीक्षक रॉजर एबर्ट यांनी तिला चारपैकी तीन तारे दिले. मूळ कादंबरीचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांनीही श्रेडर यांच्याच बाजूनं कौल दिला. एकाच पूर्वकथेचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहायला मिळाले, अशी उदाहरणं फार विरळ आहेत, आणि समीक्षेला त्यातून एक कसोटी मिळाली असं मला वाटतं. सैतान पहिल्यांदा कुठं भेटला हे सांगणं म्हणजे नुसती माहिती झाली. त्या भेटीत माणसाचं काय मोडलं, हे सांगितलं तरच कथा होते.

पुढच्या वर्षांत हीच गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. 'कॉन्ज्युरिंग' मालिकेची पूर्वकथा सांगणाऱ्या २०१८च्या 'द नन'वर टीका झाली, तरी त्यानं जगभरातून ३६ कोटी डॉलरहून अधिक गोळा केले. उलट माइक फ्लॅनगन यांनी २०१६मध्ये एका सुमार चित्रपटाची पूर्वकथा घेऊन 'वीजा: ओरिजिन ऑफ ईव्हल' बनवला. एका विधवा आईच्या दुःखावर लक्ष ठेवल्यामुळे तो मूळ चित्रपटापेक्षा किती तरी उजवा ठरला.

'द फर्स्ट ओमेन'नं त्या कबरीतल्या बाईलाच मध्यभागी आणलं. वर्ष १९७१, शहर रोम. नेल टायगर फ्रीनं साकारलेली मार्गारेट ही अमेरिकन तरुणी नन होण्यासाठी तिथं येते. रस्त्यांवर विद्यार्थ्यांची आणि कामगारांची निदर्शनं चालू आहेत. इटलीत घटस्फोटाचा कायदा डिसेंबर १९७०मध्येच संमत झाला होता, हे लक्षात घेतलं की काळाची निवड किती नेमकी आहे ते कळतं. लोक चर्चपासून दूर चालले आहेत, तेव्हा भीती दाखवून त्यांना परत आणायचं, आणि त्यासाठी ख्रिस्तविरोधकाला आपणच जन्माला घालायचं, असा चर्चमधल्या एका गटाचा बेत असतो. जुन्या चित्रपटांत सैतान बाहेरून येई आणि धर्मगुरू त्याच्याशी झुंजत. इथं संस्थाच त्याला घडवते, एका मुलीच्या शरीराचा तिच्या संमतीवाचून वापर करून.

समीक्षकांनी याचा संबंध वर्तमानाशी जोडला, यात नवल नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२२मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला होता. त्यात योगायोग असा की 'द फर्स्ट ओमेन'च्या अवघ्या दोन आठवडे आधी, २२ मार्चला, 'इमॅक्युलेट' प्रदर्शित झाला होता. त्यातही इटलीच्या मठात आलेली अमेरिकन तरुणी आहे आणि तिच्यावर लादलेलं गर्भारपण आहे. दोन्हींची तुलना अटळ होती, आणि बऱ्याच परीक्षणांत ती सापडते.

प्रसूतीच्या एका दृश्यावरून प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाशी आपल्याला दीड वर्ष झगडावं लागलं, असं स्टीव्हनसन यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. सर्वांत कडक वर्गवारीची टांगती तलवार होती, शेवटी त्याहून सौम्य 'आर' प्रमाणपत्र मिळालं. ते दृश्य वाचलं हे फार बरं झालं. सर्वाधिक दाद मात्र दुसऱ्याच एका प्रसंगाला मिळाली. रस्त्यावर मार्गारेटचं शरीर तिच्या ताब्यातून सुटतं, आणि कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. पोलिश दिग्दर्शक झुलाव्हस्की यांच्या १९८१च्या 'पझेशन'मधल्या अभिनेत्री इझाबेल अजानीची आठवण अनेकांनी काढली. नक्कल म्हणून नव्हे, त्या परंपरेत शोभेल असं काम म्हणून.

आक्षेपही होते, आणि त्यांतला मुख्य मला पटतो. शेवटची काही मिनिटं मूळ चित्रपटाचे दोरे बांधण्यात जातात. ग्रेगरी पेकचं छायाचित्र पुढं येतं, मुलाचं नाव उच्चारलं जातं, पुढच्या भागाची सोयही करून ठेवली जाते. दीड तास जी स्वतःच्या देहासाठी लढली, ती मार्गारेट तेवढ्या वेळात मागे सरते.

तिकीटबारीवर या कौतुकाचा फारसा उपयोग झाला नाही. पहिल्या आठवडाअखेरीस अमेरिकेत सुमारे ८४ लाख डॉलर जमले. तीन कोटींच्या खर्चावर जगभरची कमाई साडेपाच कोटींच्या आत राहिली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये 'रोझमेरीज बेबी'ची पूर्वकथा सांगणारा 'अपार्टमेंट ७ए' आला. ज्युलिया गार्नरचा अभिनय त्यात चोख आहे, विषयही तोच, बाईच्या देहावर इतरांनी सांगितलेला हक्क. पण तो मूळ चित्रपटानं आखलेल्या वाटेवरून फारसा ढळला नाही, आणि परीक्षणं कोमट आली.