मोतीबिंदू ‘पिकण्या’ची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही नेत्रतपासणी शिबिरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘अजून पिकला न्हाई, पिकल्यावर बघू.’

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग. सुश्रुतसंहितेत ते जागेवरून सरकवण्याची रीत आहे. भिंग बाहेर काढायला १७४७ मध्ये फ्रान्समध्ये सुरुवात झाली. पण त्याच्या जागी काहीच बसत नसे, म्हणून ऑपरेशननंतर दहा नंबरच्या आसपासचा जाड भिंगाचा चष्मा जन्मभर. त्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या दिसत, कडेचं नीट दिसत नसे. कागलच्या आमच्या आजोबांचा चष्मा डोक्यामागे नाडीने बांधलेला असे. चहाचा कप घ्यायला हात पुढे केला की तो आधी बशीवर आपटायचा. दुसरा डोळा चांगला असला तर दोन्ही डोळ्यांतली चित्रं जुळत नसत. म्हणून दिसणं पार मंदावेपर्यंत थांबा, असं डॉक्टरच सांगत. त्या काळी तो सल्ला योग्यच होता.

१९४९ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये पहिली कृत्रिम लेन्स बसवली गेली. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतूनही डोळा बिघडला नव्हता. त्यावरून ती कल्पना सुचली. डॉक्टरमंडळींचा विरोध मात्र बरीच वर्षं टिकला. १९६७ मध्ये अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेण्याची, म्हणजे फेकोची, पद्धत आली. लोक तिला ‘लेसर’ म्हणतात, ते चूक. १९९२ पासून मदुराईत स्वस्त लेन्स बनू लागल्या. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या मोतीबिंदूवरच्या प्रकल्पातल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. शिबिरात शाळेच्या वर्गातच होणारी ऑपरेशनं मागे पडली, रुग्ण दवाखान्यात नेऊन लेन्स बसवणं रूढ झालं.

थांबण्याचं कारण तिथेच संपलं. शब्द मात्र राहिला, आणि माझ्या मते खरं नुकसान तोच करतो. ‘पिकणं’ म्हटलं की शेतकऱ्याला तयार माल दिसतो. डोळ्यात उलटं होतं : भिंग कडक होतं, फेकोला जास्त ऊर्जा लागते, बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा होण्याचा धोका वाढतो. अतिपिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातला दाब चढून नजर कायमची जाऊ शकते. तरी आमच्याकडे आधी ऊस कारखान्याला जातो, मग लग्नसराई, मग ‘उन्हाळ्यात नको’. आज ऑपरेशन कधी करायचं हे रोजच्या कामावर ठरतं : सुईत दोरा ओवता येत नाही, एसटीची पाटी वाचता येत नाही, रात्री समोरच्या ट्रॅक्टरचा दिवा डोळ्यांत फुटतो.