घट्ट प्रायमर पॉकेट

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरताना (रीलोडिंग) कधी नवा प्रायमर (आघाताने पेटून दारू पेटवणारी छोटी टोपी) बुडाच्या खोबणीत, म्हणजे पॉकेटमध्ये, सहज शिरत नाही, चेपतो, तिरका बसतो किंवा वर उरतो. या दोषाला घट्ट प्रायमर पॉकेट म्हणतात. घरगुती रीलोडिंगचा छंद प्रामुख्याने अमेरिकेत रुजलेला आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही.

प्रायमर मुळातच पॉकेटपेक्षा किंचित मोठा असतो आणि केवळ घर्षणाने जागेवर राहतो, म्हणून बसवताना थोडा जोर लागणारच. उलट, अजिबात जोर लागला नाही तर चिंता करावी. एकाच पेटीतल्या इतर पुंगळ्यांपेक्षा एखादी जास्त अडत असेल, तर मात्र तिथेच थांबून तिचे बूड भिंगाखाली पाहावे.

बहुतेक वेळा कारण असते क्रिंप. स्वयंचलित शस्त्रात प्रायमर मागे सरकून यंत्रणा अडू नये, म्हणून लष्करी काडतुसांत त्याच्याभोवतीचे पितळ कारखान्यातच दाबून आत वळवतात. जुना प्रायमर काढला तरी हा वळलेला काठ तसाच राहतो. ९ मिमी नाटो पुंगळीच्या बुडावर वर्तुळातील फुलीचा शिक्का असतो, त्यावरून अंदाज बांधता येतो. पण नागरी बाजारातल्या काही ९ मिमी काडतुसांनाही क्रिंप असतो. शिक्क्यापेक्षा काठावर विश्वास ठेवावा: तो गोलसर उतरता हवा, धारदार किंवा आत झुकलेला नको.

क्रिंप दोन रीतींनी घालवतात. स्वेजिंगमध्ये पोलादी दट्ट्या दाबून पितळ मागे सारतात, त्यात धातू कमी होत नाही. रीमरने तेच पितळ कातरून काढतात. हे काम सोपे आणि स्वस्त, पण हात सैल सुटला की पॉकेटच रुंद होते. मग वायू मागे गळतो, प्रायमर निसटतो आणि ती पुंगळी भंगारात जाते. काठाला बारीक उतार मिळाला की थांबायचे. युनिफॉर्मर नावाचे हत्यार या कामाचे नव्हे. ते पॉकेटचा तळ सपाट करून खोली नेमकी करते, तोंडावरचा क्रिंप काढायला ते बनवलेले नाही. साठलेली काजळीही खोलीच कमी करते, त्यामुळे ती असेल तर प्रायमर शिरतो पण वर उरतो.

.४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाच्या पुंगळ्यांत वेगळाच घोळ आहे. हे काडतूस परंपरेने ०.२१० इंच (५.३३ मिमी) व्यासाचा मोठा प्रायमर घेते. पण अलीकडे काही उत्पादक त्यात ०.१७५ इंचाचा (४.४५ मिमी) लहान प्रायमर वापरतात. नेमबाजीच्या मैदानावरून गोळा केलेल्या पितळात दोन्ही मिसळतात आणि लहान पॉकेटात मोठा प्रायमर चेपला जातो. याला उपाय एकच, आधी निवडून वेगळे करणे. क्वचित जुन्या प्रायमरचा तळ फुटून त्याचे कडे आत अडकून राहते, तेही पाहावे. बर्डन पद्धतीच्या पुंगळीत ऐरण (जिच्यावर आपटून प्रायमरमधले स्फोटक पेटते तो उंचवटा) प्रायमरमध्ये नसून पॉकेटच्या तळाशीच असते आणि ठिणगीची भोके सहसा दोन असतात. तिच्यात नेहमीचे, स्वतःची ऐरण असलेले बॉक्सर प्रायमर चालत नाहीत.

जोर लावून प्रश्न सोडवणे हाच यातला खरा धोका. आजच्या बहुतेक प्रायमरमधले लेड स्टिफनेट हे स्फोटक आघाताने पेटते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच आणि हातोडी तर नकोच. नीट बसलेला प्रायमर बुडाच्या पातळीला किंवा तिच्याखाली ०.००३ ते ०.००५ इंच असतो. बोट फिरवले की फरक कळतो. वर उरलेला प्रायमर रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर अडवतो. कधी पहिल्या आघातात तो नुसता आत सरकतो आणि बार उडत नाही. कधी तर पिस्तुलाची स्लाइड (मागेपुढे सरकणारा वरचा भाग) बंद होतानाच पेटतो. भरून झालेल्या काडतुसात असा प्रायमर आढळला, तर तो पुन्हा दाबू नये. गोळी आणि दारू काढून काडतूस मोडावे.